फाशी का नाही, फाशी का

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ३६७ वे कलम म्हणजे निकालपत्र कसे लिहावे याची नियमावली. मुद्दे कोणते, त्यांवर निर्णय काय, कारणे काय, सही आणि तारीख कुठे, असा सगळा कारकुनी तपशील. पण त्याच्या पाचव्या पोटकलमात एक वाक्य असे होते की त्यावर माणसांचे प्राण टांगलेले असत. ज्या गुन्ह्याला फाशीची तरतूद आहे त्या गुन्ह्यात आरोपी दोषी ठरला आणि न्यायाधीशाने फाशीऐवजी दुसरी शिक्षा दिली, तर फाशी का दिली नाही याचे कारण त्याने निकालपत्रात नोंदवले पाहिजे, असे ते वाक्य. फाशी दिली तर खुलासा नको. जीव वाचवला तर मात्र द्यायचा. १९५५ च्या दुरुस्तीने हे वाक्य काढून टाकले. १९७३ ची नवी संहिता आली तेव्हा ते परत आले, पण तोंड फिरवून: आता फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणे’ लिहायची. खालच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत वरच्याने कधी हात घालावा, या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास सहसा कनवाळू आणि कडक न्यायमूर्तींच्या गोष्टींतून सांगितला जातो. मला तो या एका वाक्याच्या भोवती फिरताना दिसतो. कायद्याने ज्याच्याकडून ‘का’ लिहून घेतला, त्याच्या हातातली निवड वरच्या न्यायालयाला तपासता आली. जिथे ‘का’ मागितलाच नाही, तिथे अपील म्हणजे पीठ कोणते लागते याची वाट पाहणे, एवढेच उरले.

आधी या निवडीचा आवाका ध्यानात घ्यावा लागतो. १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंड संहितेत बहुतेक गुन्ह्यांना कमाल शिक्षा सांगितलेली होती, किमान नव्हती. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. मग एक दिवसाची कैद दिली तरी कायद्याला धरून आणि पुरी तीन वर्षे दिली तरी कायद्याला धरून. खुनाला दोनच वाटा, फाशी किंवा जन्मठेप. पण त्या दोघींमधले अंतर किती ते सांगायला नको. या मोकळिकीला कायद्याच्या मराठीत विवेकाधिकार म्हणतात. रोजच्या भाषेतला ‘तारतम्य’ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण त्यात तुलना आहे, कमी-जास्त पाहणे आहे. या अधिकाराचा ‘गैरवापर’ झाला असे वरचे न्यायालय म्हणते तेव्हा वाचणाऱ्याला वाटते, खालच्या न्यायाधीशाने लबाडी केली. तसे काही नसते. महत्त्वाची बाब पाहायची राहिली, भलतीच बाब पाहिली, तत्त्व चुकले, किंवा शिक्षा इतकी जास्त वा इतकी कमी झाली की कोणत्याही समंजस हिशेबात बसू नये, एवढाच त्याचा अर्थ. न्यायाधीश सज्जनच असतो. तारतम्य तेवढे सुटलेले असते. पण ते सुटले की नाही हे ओळखायचे कशावरून? मनात काय होते ते कागदावर असेल तरच.

महाराष्ट्राला या प्रश्नाची दोन टोके एका वर्षाच्या अंतराने पाहायला मिळाली. २२ जुलै १९०८ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. दिनशा दावर यांनी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. सहाचा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण तो आला कसा हे पाहण्यासारखे आहे. राजद्रोहाचे आरोप दोन. प्रत्येकाला तीन-तीन वर्षे. आणि दोन्ही शिक्षा एकदम न भोगता एकीमागून एक भोगायच्या. तिसऱ्या आरोपाला हजार रुपये दंड. शिक्षा एकत्र चालाव्यात की पाठोपाठ, हा आज कुठल्याही फौजदारी अपिलात वकिलाचा पहिल्या पाचांतला मुद्दा असतो, कारण तिथे एका शब्दाने वर्षे दुप्पट होतात. टिळकांना हा मुद्दा मांडायला वरचे न्यायालय नव्हतेच. उच्च न्यायालयाने स्वतः ज्यूरीसमोर चालवलेल्या खटल्यात शिक्षेवर अपिलाची सोय नव्हती. १८९७ च्या पहिल्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी अठरा महिने सक्तमजुरी दिली, तेव्हाही लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची विशेष परवानगी मागावी लागली आणि ती मिळाली नाही. दोन्ही वेळा शिक्षा सौम्य झाली, पण सरकारच्या मर्जीने. १८९८ मध्ये मॅक्स म्यूलरसारख्या विद्वानांनी सह्या केलेल्या अर्जानंतर टिळक मुदतीआधी सुटले. १९०८ मध्ये सरकारनेच काळ्या पाण्याऐवजी साधी कैद करून त्यांना मंडालेला ठेवले. न्यायाची कवाडे बंद म्हणून दयेची खिडकी. दया करणाऱ्याला कारण लिहावे लागत नाही, आणि ती नाकारली तर कोणाला जाबही विचारता येत नाही.

दुसरे टोक नाशिकचे. ८ जून १९०९ ला तिथल्या सत्र न्यायालयाने बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. सत्र न्यायालयाचा निकाल असल्यामुळे त्यांना उच्च न्यायालयात अपील होते. ते त्याच वर्षी नोव्हेंबरात न्या. चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्यापुढे चालले आणि शिक्षा कायम झाली. अनेकांनी लिहिले आहे की काही कवितांच्या पुस्तिकेसाठी जन्मठेप हा तारतम्याचा कडेलोट होता. भावना म्हणून ते मला पटते. कायदा म्हणून अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. दंड संहितेच्या १२१ व्या कलमाखाली, म्हणजे राजाविरुद्ध युद्ध किंवा त्याची चिथावणी, शिक्षा दोनच होत्या: फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी. १२१ खाली दोष एकदा कायम झाला की अपिलाच्या न्यायमूर्तींना खाली उतरायला पायरीच नव्हती. सगळे तारतम्य कलम निवडण्यात खर्च झाले होते. टिळकांच्या न्यायाधीशाला निवड होती आणि त्यावर अपील नव्हते. बाबारावांना अपील होते आणि न्यायालयाला निवड नव्हती. शिक्षेचा फेरविचार खरोखर व्हायचा तर या दोन गोष्टी एकत्र यायला हव्यात, आणि तिसरी म्हणजे लिहिलेले कारण.

इथे एक विसंगती नोंदवून पुढे जातो. साताऱ्याच्या शेतकऱ्याला सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर अपिलाचा हक्क १८६१ च्या संहितेपासून होता. खुद्द इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय १९०७ च्या कायद्याने निघाले. राज्यकर्त्यांनी आपल्या प्रजेला जे दिले ते स्वतःच्या देशबांधवांना सेहेचाळीस वर्षांनी दिले. याचे श्रेय उदारपणाला देण्याचे कारण नाही. जिल्ह्यातल्या न्यायाधीशावर मुंबईहून नजर ठेवायची तर कागद वर मागवावे लागत, आणि अपील हे कागद मागवण्याचे सोयीचे साधन होते. मुंबई शहरात न्याय देणारे न्यायमूर्ती आणि त्यांची ज्यूरी यांच्यावर अशी नजर ठेवण्याची गरज वाटली नाही. गिरगावच्या माणसाला उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतल्या शिक्षेवर अपील मिळायला १९४३ उजाडले.

अपील म्हटले की आपल्याला शिक्षा कमी होण्याचीच आठवण येते. पण १८९८ च्या संहितेतल्या ४३९ व्या कलमाने उच्च न्यायालयाला पुनरीक्षणात शिक्षा वाढवण्याचाही अधिकार दिला होता. आरोपीला नोटीस द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे, आणि मग वाढवायची. मर्यादा कोणती, हे कलम सांगत नव्हते. ती घालून दिली स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने, आणि त्यात न्या. व्हिव्हियन बोस यांचा हात मोठा. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हे गृहस्थ छोटी, थेट वाक्ये लिहीत. १९५३ च्या दलीप सिंग खटल्यात पंजाबातल्या सत्र न्यायाधीशाने खुनाबद्दल आरोपींना जन्मठेप दिली होती. कोणाच्या घावाने जीव गेला हे ठरवता येत नाही, असे त्याचे कारण. उच्च न्यायालयाने चौघांची शिक्षा वाढवून फाशी केली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत जन्मठेपेवर आणली. त्यातले सूत्र असे की, खालच्या न्यायाधीशाने मान्य रीतीने विचार करून शिक्षा दिली असेल, तर ‘मी त्याच्या जागी असतो तर वेगळे केले असते’ हे आरोपीच्या विरुद्ध हात घालायला पुरेसे नाही. दोनच वर्षांनी बेद राज खटल्यात तेच पुन्हा, अधिक ठाशीवपणे: शिक्षा उघड उघड अपुरी असेल तरच वाढवा, आणि वाढवण्याची कारणे निकालातच दिसू द्या. इथे दोन गोष्टी जुळल्या हे सहज निसटते. त्या काळी ३६७ चे पाचवे पोटकलम जिवंत होते. दलीप सिंग खटल्यातल्या सत्र न्यायाधीशाने जन्मठेपेचे कारण लिहिले होते, कारण कायद्याने ते लिहून घेतले होते. म्हणूनच दिल्लीला ते तपासता आले आणि पुरेसे ठरवता आले. फाशीकडे झुकलेल्या त्या अन्यायी वाक्याने नकळत आरोपीच्या बाजूचा पुरावा तयार करून ठेवला होता.

१९५६ च्या पहिल्या दिवसापासून ते वाक्य गेले, आणि १९७४ पर्यंतच्या अठरा वर्षांत फाशी की जन्मठेप या निवडीला कारण लिहिण्याची वेगळी सक्ती कोणत्याच बाजूने उरली नाही. सुधारणा म्हणूनच ते केले होते. फाशीचा कल मोडायचा होता. पण कल मोडताना कारणाची सवयही मोडली. १९७२ मध्ये जगमोहन सिंग खटल्यात फाशीच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिले गेले, तेव्हा मुख्य युक्तिवाद हाच होता: कोणाला फाशी आणि कोणाला जन्मठेप याचे कसलेच माप कायद्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्या. पालेकरांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठासाठी निकाल लिहिला. माप आधी ठरवून देता येत नाही, न्यायाधीश ते खटल्याच्या तपशिलांवरून ठरवतो, आणि तो चुकला तर वरची न्यायालये आहेतच, असे त्याचे सार. युक्तिवाद म्हणून हा भक्कम दिसतो. अनेक पिढ्यांच्या वकिलांनी तो मान खाली घालून स्वीकारला. मला त्यात एक जागा पोकळ वाटते. वरचे न्यायालय चूक दुरुस्त करील या भरवशावर खालच्याला मोकळीक दिली. पण चूक कशाशी ताडून पाहायची हे वरच्यालाही कोणी सांगितलेले नव्हते. मोजपट्टी नसलेला एक माणूस दुसऱ्या मोजपट्टी नसलेल्या माणसाचे मोजमाप तपासणार होता.

हा भरवसा किती टिकला ते हरबन्स सिंग प्रकरणात दिसते. १९७५ साली उत्तर प्रदेशात पिलीभीतच्या सत्र न्यायालयाने एकाच खटल्यात तिघांना फाशी दिली आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती कायम केली. तिघेही सर्वोच्च न्यायालयात गेले, पण वेगवेगळ्या वेळी, आणि वेगवेगळ्या पीठांपुढे. १९७६ मध्ये पहिल्याचा अर्ज फेटाळला गेला. १९७७ मध्ये दुसऱ्याची फाशी जन्मठेपेवर आली. १९७८ मध्ये तिसऱ्याचा, म्हणजे हरबन्स सिंगचा, अर्ज फेटाळला गेला; सहआरोपीची फाशी रद्द झाल्याचे त्या पीठाच्या ध्यानात आले नाही. ६ ऑक्टोबर १९८१ हा दिवस फाशीसाठी ठरला. पहिल्याला त्या दिवशी फाशी झाली. तिसऱ्याने ऐन वेळी पुन्हा अर्ज केला म्हणून तो वाचला. फेब्रुवारी १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या न्यायालयाने मान्य केले की तिघांच्या गुन्ह्यात फरक करण्याजोगे काही नव्हते, आणि तिसऱ्याची शिक्षा कमी करावी अशी शिफारस राष्ट्रपतींकडे केली. एक खटला, एक पुरावा, एक कलम; तीन पीठे, तीन वेगळे शेवट. आणि सर्वोच्च न्यायालयालाही अखेर १८९८ च्या टिळकांसारखे दयेच्या खिडकीशी जावे लागले.

तोवर कायदा बदललेला होता. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या संहितेच्या ३५४ (३) कलमाने फाशीसाठी विशेष कारणे मागितली, आणि २३५ (२) ने दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे वेगळे ऐकून घेणे सक्तीचे केले. ही दुसरी तरतूद पहिलीइतकीच महत्त्वाची, कारण न ऐकता लिहिलेले कारण कारणच नसते. १९७६ च्या सांता सिंग खटल्यात खालच्या न्यायालयाने शिक्षेवर वेगळे ऐकले नाही एवढ्यावरून सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत खाली पाठवले. मग मे १९८० मधला बच्चन सिंग निकाल. त्यातला ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हा शब्दप्रयोग इतका चघळला गेला आहे की मी त्यावर थांबणार नाही. मला त्यातली एक यादी जास्त मोलाची वाटते. ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी शिक्षा वाढवणाऱ्या आणि घटवणाऱ्या बाबी न्यायालयापुढे ठेवल्या: आरोपीचे वय, मनाची अवस्था, पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता, सुधारण्याची शक्यता, कोणाच्या दबावाखाली होता काय. न्यायालयाने ती यादी बंधनकारक केली नाही, पण विचारात घेण्याजोगी म्हणून निकालात उतरवली. सुधारणार नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर आहे, हा मुद्दाही त्याच यादीतला. इथून पुढे फाशी देणाऱ्या न्यायाधीशाने काय लिहायला हवे याचा निदान आराखडा तयार झाला. तीन वर्षांनी, मिठू खटल्यात, चंद्रचूड यांच्याच पीठाने दंड संहितेचे ३०३ वे कलम रद्द केले. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षा नाही, असे ते कलम होते. निवड नसलेली शिक्षा म्हणजे कारण नसलेली शिक्षा, आणि म्हणून मनमानी. बाबाराव सावरकरांच्या अपिलातली अडचण जणू चौऱ्याहत्तर वर्षांनी घटनेच्या भाषेत बोलली गेली.

आराखडा असूनही तो मोडता येतो, याचा धडा मात्र महाराष्ट्रातच मिळाला. राजस्थानातल्या रवजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी असे म्हटले होते की शिक्षा ठरवताना गुन्ह्याकडे पाहायचे, गुन्हेगाराकडे नाही. बच्चन सिंगने नेमके उलट सांगितले होते. पण छोट्या पीठाचे ते वाक्य सुटसुटीत होते, आणि सुटसुटीत वाक्ये पुढच्या निकालांत लवकर उतरतात. २००३ मध्ये महाराष्ट्रात एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना सत्र न्यायालयाने फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी ठेवली, तिघांची जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशी दिली, आधाराला रवजी. यानंतर तेराच दिवसांनी, १३ मे २००९ ला, पुण्यातल्या एका अपहरण आणि खुनाच्या प्रकरणात, म्हणजे बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने रवजी निकाल बच्चन सिंगला डावलून दिलेला, म्हणून चुकीचा, असे जाहीर केले आणि फाशी जन्मठेपेवर आणली. तेरा दिवस आधी त्याच चुकीवर फाशीची शिक्षा मिळालेले तिघे मात्र तसेच राहिले. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली की अशा तेरा कैद्यांच्या फाशी चुकीच्या कायद्यावर उभ्या आहेत, आणि आणखी दोघांच्या बाबतीत तर ती अंमलातही येऊन गेली आहे; त्या दोघांत खुद्द रवजी होता. मग ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या त्या सहाही मजुरांना निर्दोष सोडले. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचा आदेश राज्य सरकारला झाला. कोणी म्हणेल, ही चूक पुराव्याची होती, शिक्षेची नाही. खरे आहे. पण २००९ ची शिक्षा वेळेत अंमलात आली असती तर २०१९ ची दुरुस्ती ऐकायला कोणी उरले नसते. शिक्षेचा फेरविचार नीट झाला की दुसऱ्या चुका सापडायला वेळ मिळतो.

या साऱ्याविरुद्ध एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. खटला चालवणारा न्यायाधीश आरोपीला, साक्षीदारांना, मृताच्या आईला समोर पाहतो. अपिलाच्या पीठापुढे फक्त टंकलेखित कागदांचे पुडके येते. मग शिक्षेचे तारतम्य त्याच्यावरच सोपवावे, वरच्यांनी कशाला ढवळावे? साक्षीदार खरा बोलतो की खोटा, या बाबतीत मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो. शिक्षेच्या बाबतीत तो तितका लागू पडत नाही. आरोपी सुधारेल की नाही हे पिंजऱ्यातल्या चेहऱ्यावरून ओळखता येते, असा दावा कोणी करू नये. आणि जे समोर पाहिल्यामुळे कळले, ते लिहिताही येते. उलट, लिहिलेल्या कारणाचा फायदा नेहमी आरोपीलाच होतो असेही नाही, हे कर्नाटकातल्या कृष्णप्पा खटल्याने दाखवले. लहान मुलीवरच्या बलात्काराबद्दल सत्र न्यायालयाने दहा वर्षे दिली. उच्च न्यायालयाने ती चार केली, आणि कारणे लिहिली: आरोपी निरक्षर, दुर्बल घटकातला, दारूच्या आहारी गेलेला, घरी म्हातारी आई आणि बायकापोरे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एकेक कारण हातात घेऊन टाकून दिले आणि दहा वर्षे परत आणली. ती कारणे लिहिली नसती तर चार वर्षांना कोणी हात लावू शकले असते का, याची मला शंका आहे. आपल्या सत्र न्यायालयांत शिक्षेवरच्या युक्तिवादात ‘घरी म्हातारे आईवडील आहेत’ हे वाक्य इतक्या वेळा येते की लघुलेखकाने ते आधीच टाइप करून ठेवले असावे. ते तपासले जाते का, हा प्रश्न क्वचित विचारला जातो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. कारणे लिहिण्याची सक्ती केली की न्यायाधीश कारणे लिहितात. निर्णय आधी होतो, कारण मागून जोडले जाते. सकाळी दोषी ठरवायचे, दुपारी जेवणानंतर शिक्षेवर दहा मिनिटे ऐकायचे, संध्याकाळी फाशी, हा प्रकार अनेक वर्षे चालला. त्यात आरोपीची बाजू म्हणून वकिलाकडे असते काय? वय, आणि पहिलाच गुन्हा. हे खरे आहे. मोघम कारण हा न लिहिलेल्या कारणाचा चुलत भाऊच. पण मोघम कारणावर बोट ठेवता येते, मौनावर ठेवता येत नाही. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके इथेच बोट ठेवले: तुरुंगातली वर्तणूक, मानसिक स्थिती, आरोपीची पार्श्वभूमी यांचे अहवाल खटल्याच्या टप्प्यावरच मागवा. त्याच वर्षी सप्टेंबरात शिक्षेवरची सुनावणी किती वेळ देऊन, कशी घ्यायची, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. आणि ज्यांना हे सगळे फार सैल वाटते ते म्हणतात, शिक्षेचे तक्तेच करून टाका. मलिमठ समितीने २००३ मध्ये शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली होती. ती आजवर कायद्यात उतरलेली नाहीत. ती यावीत, या मताचा मी आहे. मात्र तक्ता तारतम्याच्या मदतीला यावा, तारतम्याच्या जागी नव्हे; ३०३ व्या कलमाचे काय झाले ते आपण पाहिले आहे.

एक असमतोल राहिलाच आहे, त्याचा उल्लेख करतो. शिक्षा कमी वाटली तर राज्य सरकार ती वाढवण्यासाठी अपील करू शकते. २००९ च्या दुरुस्तीने पीडितालाही अपिलाचा हक्क मिळाला, पण आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली, एवढ्यापुरताच. केवळ शिक्षा कमी झाली म्हणून पीडिताला अपील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. सरकारने अपील न करण्याचे ठरवले तर त्याला कारण लिहावे लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. ३५४ (३) चे ३९३ (३) झाले, २३५ (२) चे २५८ (२). विशेष कारणांची अट आणि शिक्षेवर ऐकण्याची अट दोन्ही राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नागपूरच्या २००८ सालच्या एका खून खटल्यातला फाशीचा कैदी होता. त्याचे अपील संपले होते, पुनर्विलोकन फेटाळले गेले होते, राष्ट्रपतींनी दयेचा अर्जही नाकारला होता. मनोज निकालात सांगितलेले अहवाल त्याच्या प्रकरणात कधी मागवलेच गेले नव्हते, म्हणून न्यायालयाने त्याच्या शिक्षेचा मुद्दा पुन्हा ऐकण्यासाठी खुला केला.